आमचीं अक्षरें कोणाच्या मालकीचीं?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या एका दिवंगत सहकारी प्राध्यापकांची कन्या पत्र्याचा एक डबा घेऊन आमच्या घरीं आली. डब्यांत अकरा चपट्या चौकोनी फ्लॉप्या होत्या. तिच्या वडिलांनीं वीस वर्षें खपून दक्षिण कोंकणांतील म्हणी व वाक्प्रचार गोळा केले होते. १९९६ ते १९९८ या काळांत त्यांनीं तो सारा संग्रह एका टंकलेखकाकडून संगणकावर चढवून घेतला, आणि आतां वह्यांचें काय काम, असें म्हणून मूळ वह्या रद्दींत घातल्या. फ्लॉपी वाचणारें जुनें यंत्र मिळविण्यांतच आमचे आठ दिवस गेले. अकरांपैकीं नऊ फ्लॉप्या उघडल्या. परंतु पडद्यावर जें उमटलें तें मराठी नव्हतें आणि इंग्रजीही नव्हतें. डॉलरचीं चिन्हें, उलटसुलट कंस, मध्येंच एखादें रोमन अक्षर, त्यामागून उद्गारचिन्ह, असा तो सारा खच होता. "काका, हें बिघडलें आहे का हो?" तिनें विचारलें. खरें सांगावयाचें तर बिघडलें कांहींच नव्हतें. मजकूर जसाच्या तसा शाबूत होता. तो वाचण्याची किल्ली मात्र हरवली होती.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ति आहे. पानें पिवळीं पडलीं आहेत, कडा झिजल्या आहेत. पण ज्याला बालबोध वाचतां येतें त्याला ती आजही कोणाच्या परवानगीवांचून वाचतां येते. आणि अवघ्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वींचा मजकूर वाचतां येऊं नये! हें विपरीत कसें घडलें, आणि त्यांत दोष लिपीचा किती, यंत्राचा किती व माणसांचा किती, हें निवडून पाहण्यासारखें आहे.

देवनागरी यंत्राला मानवत नाहीं, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. सुशिक्षित घरांतील मुलें दूरध्वनीवर आईबापांस रोमन अक्षरांत मराठी लिहितात, आणि विचारलें तर हेंच कारण सांगतात. या समजाचें मूळ खिळ्यांच्या छपाईंत आहे. विल्यम केरीनें श्रीरामपुराहून १८०५ सालीं मराठीचें व्याकरण काढलें तें नागरी खिळ्यांनीं. १८१० सालीं कोश काढला तो मोडीच्या खिळ्यांनीं. पुढें छापखान्यांत बालबोध राहिली व मोडी मागें पडली. मोडीला छापखान्यानेंच मारलें, असें एकदम म्हणणें धाडसाचें होईल. तथापि छापखान्यानें तिला हात दिला नाहीं, एवढें खरें. इंग्रजी जुळाऱ्याला शंभर-दीडशें खण पुरत. नागरीचीं अर्धीं अक्षरें, जोडाक्षरें, काना-मात्रा व रफार धरले तर संख्या कित्येक शतांवर जाई. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं पंचांग छापलें तें शिळाप्रेसवर. दगडाला अक्षरें मोजावीं लागत नाहींत. हातानें लिहिलेलें तो जसेंच्या तसें उमटवितो.

पण खिळ्यांनाही नागरी साधली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत लहानपणीं कामास लागलेले जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना घातला आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. ठसे कोरणारे त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू. या दोघांनीं कोठल्या लिपिसुधारणेची वाट पाहिली नाहीं. अक्षराला जितके ठसे लागतात तितके कोरावयाचे, हा त्यांचा हिशेब. आणि निर्णयसागरची संस्कृत पुस्तकें ज्यांनीं हाताळलीं आहेत, त्यांना त्या हिशेबाचें फळ ठाऊक आहे.

टंकलेखन यंत्र आलें आणि हें औदार्य संपलें. पन्नासाच्या आंत कळा, प्रत्येक कळेवर दोन आकृत्या. यांत सारी नागरी बसवावयाची. मग अर्धें अक्षर एका कळेनें उठवावें आणि काना दुसरीनें जोडून तें पूर्ण करावें, असल्या युक्त्या निघाल्या. आणि जें यांतही बसेना तें लिपींतूनच काढून टाकावें, असा विचार बळावला. सावरकरांनीं 'अ'ची बाराखडी पुरस्कारली. इ, ई, उ यांच्या निराळ्या आकृत्या कशाला, अि, अी, अु लिहिलें म्हणजे झालें, असें त्यांचें म्हणणें होतें. काकासाहेब कालेलकरही त्याच वाटेनें गेले. १९५३ सालीं लखनौच्या परिषदेनें ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे, आंखूड शेपटीचा करून, लिहावा अशी शिफारस केली. लोकांनीं ती पचविली नाहीं, व अखेर ती सोडून द्यावी लागली. या मंडळींच्या हेतूविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु त्यांच्या साऱ्या वादांत एक गोष्ट कोणी तपासून पाहिली नाहीं. यंत्र अढळ आहे आणि हलावयाचें तें लिपीनेंच, हें सर्वांनीं धरूनच चाललें होतें.

संगणकानें हें गृहीत मोडलें. येथें थोडें खोलांत जाणें अवश्य आहे, कारण पुढची सारी हकीकत यावरच उभी आहे. संगणक अक्षर म्हणून कांहीं ओळखत नाहीं; तो क्रमांक ओळखतो. तेव्हां क्रमांक कशाला द्यावयाचा, हा खरा प्रश्न. एक मार्ग असा, कीं कागदावर दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे अर्ध्या अक्षराला, कान्याला, रफाराला, क्रमांक द्यावा. हा टंकलेखन यंत्राचाच मार्ग. दुसरा असा, कीं क्रमांक वर्णाला द्यावा, आकृतीचें काम यंत्रावर सोपवावें. १९८० नंतरच्या दशकांत कानपूरच्या आय.आय.टी.त आणि पुढें पुण्याच्या सी-डॅक या १९८८ सालीं निघालेल्या संस्थेंत जें काम झालें तें दुसऱ्या मार्गाचें. ज्या क्रमानें उच्चारावें त्या क्रमानें कळा दाबाव्या, अशी कळफलकाची प्रमाण मांडणी १९८६ सालीं ठरली, आणि १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें 'इस्की' या नांवाचें वर्णक्रमांकांचें प्रमाण प्रसिद्ध केलें.

'किती' हा शब्द घ्या. टंकलेखन यंत्रावर आधीं इकार उठवावा लागे व मग 'क', कारण कागदावर तो डावीकडे दिसतो. नव्या पद्धतींत आधीं 'क', मग इकार, जसें आपण बोलतों तसें. पडद्यावर दाखवितांना तो इकार उचलून डावीकडे ठेवण्याचें काम यंत्र करतें. लखनौच्या परिषदेनें ज्यावर डोकें फोडलें तो प्रश्न असा चार ओळींच्या आज्ञेनें मिटला. 'क'चा पाय मोडून 'ष' लिहिला कीं 'क्ष' आपोआप होतो. आमच्या शिक्षाकारांनीं वर्णमालेची जी स्थानांनुसार मांडणी केली तीच येथें उपयोगी पडली, आणि म्हणूनच बंगाली, गुजराती, तेलुगु, तमिळ या लिप्यांना एकच सांगाडा पुरला.

मग आमच्या सहकाऱ्यांचा संग्रह कसा बुडाला? प्रमाण झालें होतें, पण बाजारांत राज्य दुसऱ्याचेंच होतें. पुस्तकांचीं व वर्तमानपत्रांचीं पानें संगणकावर जुळविण्याचे परदेशी कार्यक्रम त्या वेळीं येथें आले, आणि त्यांना इस्कीचा गंधही नव्हता. तेव्हां आमच्या कारागिरांनीं तोड काढली. इंग्रजीच्या फॉन्टमध्यें २५६ जागा. त्या जागांवरून इंग्रजी अक्षरें उठवून तेथें मराठी तुकडे बसविले. यंत्राला वाटावें आपण इंग्रजी छापीत आहों, कागदावर उमटावी मराठी. कोणत्या जागेवर कोणता तुकडा, हें प्रत्येकानें आपापल्या सोयीनें ठरविलें व गुप्त ठेवलें. कित्येकांनीं तर यंत्राच्या पाठीमागें लावावयाचें बोटभर कुलूपच विकलें. तें काढलें कीं मराठी बंद. २००० च्या सुमारास वर्तमानपत्रें इंटरनेटवर आलीं तेव्हां प्रत्येकाचा फॉन्ट निराळा. तो आधीं उतरवून घेतल्यावांचून बातमी वाचतां येत नसे.

या कारागिरांस खलपुरुष ठरविणें अन्यायाचें होईल. त्या दहा-पंधरा वर्षांत जें मराठी सुंदर छापलें गेलें तें त्यांच्याच अक्षरांनीं, आणि सरकारी प्रमाण कपाटांत असतां छापखान्यांची गरज त्यांनींच भागविली. दोष असेल तर तो आम्हां लिहिणारांचा. कागदावर उमटलेलें मराठी पाहून आम्ही संतुष्ट झालों. आंत काय सांठविलें जात आहे, हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. खिळे छापखानदाराचे असत, पण पुस्तक वाचण्यासाठीं वाचकाला त्याच्या दारीं जावें लागत नसे. येथें लेखकालाच स्वतःचा लेख वाचण्यासाठीं दुसऱ्याची किल्ली लागूं लागली.

युनिकोड नांवाची संस्था १९९१ सालीं अमेरिकेंत नोंदली गेली. जगांतील सर्व लिप्यांतील प्रत्येक वर्णास एकच जाहीर क्रमांक, हा तिचा संकल्प. तिच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरी होती, आणि ती मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या आराखड्यावरून घेतलेली होती. पुढें मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० मध्यें देवनागरी आली. तिच्यासाठीं 'मंगल' हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं घडविला. २००३ सालीं मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००९ सालीं केंद्र सरकारनें राज्यकारभारासाठीं युनिकोड हेंच प्रमाण ठरविलें. मोडीलाही २०१४ सालीं तींत जागा मिळाली. केरीच्या मोडी कोशानंतर दोनशें चार वर्षांनीं!

आमच्या अक्षरांचे निकाल परक्या कंपन्यांच्या सभेंत कां लागावे, असा आक्षेप पुष्कळ ऐकूं येतो, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. मराठींत 'आचार्यांस' आणि 'आचाऱ्यांस' हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्यांत रफार, दुसऱ्यांत आडवा अर्धा 'र'. हिंदीला हा भेद ठाऊक नाहीं. हा भेद दाखविण्यास युनिकोडमध्यें जें अक्षर वापरावें लागतें, तें मुळांत द्राविडी भाषांतील कठोर 'र' लिहिण्यासाठीं ठेवलेलें आहे. आमचे आचारी असे उसन्या 'र'वर स्वयंपाक करीत आहेत. तसेंच 'ॲ'चें. हें अक्षर मराठीच्या शाळकरी मुलालाही येतें, पण त्यास स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ सालीं. तोंवर लोकांनीं तें निरनिराळ्या जोडण्या करून लिहिलें, आणि डोळ्यांना तीं सारखीं दिसलीं तरी यंत्राच्या शोधांत तीं एकमेकांना ओळखीत नाहींत. एकदां दिलेला क्रमांक मागें घ्यावयाचा नाहीं, असा तेथील नियम असल्यामुळें चुकाही चिरंजीव होतात. परंतु हा दोष परकेपणाचा म्हणावा कीं आमच्या उशिराचा? त्या सभेचे दरवाजे बंद नव्हते. भारत सरकारही पुढें तिचें सदस्य झालें. तिचीं कोष्टकें कोणासही फुकट वाचतां येतात. हाच तिच्यांत आणि त्या बोटभर कुलुपांत फरक आहे, व आम्हांस तो निर्णायक वाटतो. (प्रस्तुत लेखकास जुन्या अनुस्वारांची खोड असल्यामुळें यंत्र त्याच्या प्रत्येक ओळीखालीं तांबड्या रेघा ओढतें, ही गोष्ट वेगळी. तीं अक्षरें तें उमटवितें, ही कृपा काय थोडी?)

खासगी फॉन्टांचें राज्य संपलेलें नाहीं. कित्येक मुद्रकांच्या यंत्रांवर आजही तेच जुने तुकडे चालतात. म्हणून ज्यांच्या घरीं कोणाचें पुस्तक, कुलवृत्तांत किंवा आठवणी छापावयास जात असतील, त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुद्रकाकडून नुसत्या छापील प्रती घेऊन येऊं नका. जुळविलेला मजकूर युनिकोडमध्यें मागून घ्या. तो तसा आहे कीं नाहीं, याची परीक्षा सोपी आहे. एक परिच्छेद उचलून दुसऱ्याच कोणाच्या दूरध्वनीवर साध्या पत्रांत पाठवावा. तेथें मराठी दिसली तर ठीक, डॉलर आणि कंस दिसले तर पैसे चुकते करण्यापूर्वींच बोलावें. आणि हस्तलिखित रद्दींत घालूं नये.

त्या नऊ फ्लॉप्यांचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेपनें सांचीच्या लेखांच्या शेवटीं वारंवार येणारें 'दानं' हें पद ओळखून ब्राह्मीचें कोडें सोडविलें, हें इतिहासाचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. आम्हीं तीच युक्ति केली. प्रत्येक नोंदीच्या आरंभीं एकच चिन्हसमूह येत होता; तो 'म्हण' हा शब्द असला पाहिजे, असें धरून चाललों. दोन-तीन शब्द लागले, त्यांवरून फॉन्ट कोणता तें कळलें, आणि त्याचें युनिकोडमध्यें रूपांतर करणारा एक कार्यक्रम कोणा परोपकारी तरुणानें इंटरनेटवर फुकट ठेवलेला सांपडला. रूपांतर झालें, परंतु रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले आणि अर्धीं अक्षरें जागोजाग गळलीं. ती मुलगी रोज संध्याकाळीं कचेरींतून आल्यावर एकेक नोंद वाचून दुरुस्त करते. जी म्हण तिला कळत नाहीं ती मालवणास आपल्या आत्याला दूरध्वनीवर वाचून दाखविते. 'म'पर्यंत काम झालें आहे. न उघडलेल्या दोन फ्लॉप्यांत 'स' आणि 'ह' असावेत, असा आमचा तर्क आहे. आत्याबाईंना त्यांपैकीं साठ-सत्तर म्हणी आठवतात; त्या आम्हीं वहींत लिहून घेतल्या आहेत.