सायकलचे किलोमीटर आणि कचऱ्याचे किलो

प्लास्टिक कचरा साफ करायला निधी हवा म्हणून शेकडो किलोमीटर सायकल चालवणारे लोक आता बऱ्याच देशांत दिसतात. ओळखीपाळखीचे लोक देणगी देतात आणि ती स्वच्छतेचं काम करणाऱ्या संस्थेला जाते. ही पद्धत मात्र प्लास्टिकसाठी जन्मलेली नाही. तिची मुळं आजारांसाठी काढलेल्या राइड्समध्ये सापडतात.

१९८० साली अमेरिकेत बिली स्टार यांनी ३६ सायकलस्वारांसह 'पॅन-मास चॅलेंज' सुरू केली आणि कर्करोगासाठी १०,२०० डॉलर उभे केले. १९९४ मध्ये डॅन पॅलोटा यांच्या पुढाकाराने सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी एड्स राइड निघाली. आठवडाभराचे तंबू, जेवण, वैद्यकीय पथक, जाहिराती... खर्च फुगला आणि वाद पेटला: देणगीतलं रुग्णांपर्यंत नक्की किती पोहोचतं? शेवटी लाभार्थी संस्था वेगळ्या झाल्या, २००२ पासून त्यांनी स्वतःची राइड काढली आणि त्याच वर्षी पॅलोटांची कंपनी बंद पडली. मला यात लबाडीपेक्षा हिशेबाचा प्रश्न दिसतो. पॅन-मासने पुढे खर्च प्रायोजकांकडून आणि प्रवेशशुल्कातून वेगळा भागवला, म्हणून स्वारांनी जमवलेली देणगी पूर्णच्या पूर्ण पोहोचवता आली.

प्लास्टिकच्या बाबतीत हा हिशेब अर्ध्यातच थांबतो. पैसे पोहोचले, पुढे काय? संस्था सांगतात, 'इतके किलो उचलले.' आता २००४ चा रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांचा 'सायन्स'मधला शोधनिबंध बघा. प्लवकांच्या अभ्यासासाठी जहाजांमागे ओढल्या जाणाऱ्या यंत्राचे जुने नमुने त्यांनी पुन्हा तपासले. १९६० च्या दशकापासूनच्या त्या नमुन्यांत प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू सापडले, आणि काळानुसार वाढतही गेलेले. (नमुने फेकू नका, असं गाईड का बजावतात ते इथे कळतं!) हे तंतू हाताने वेचता येत नाहीत आणि वजनकाट्यावर तर जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणजे किलोचं माप बाटल्या आणि जाळ्यांच्या बाजूने झुकलेलं असतं. तरी बाटली उचलणं वाया जात नाही, कारण तिचे पुढचे हजारो तुकडे टळतात.

पण मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या भरतीबरोबर कचरा परत येतो, हे आपण दरवर्षी बघतो. तेव्हा या विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल, तर उचललेल्या किलोंवर थांबू नका. किनाऱ्याचा एकच पट्टा आखून घ्या. सफाईआधी, सफाईनंतर लगेच आणि महिन्याभराने मोजा. शेजारचा एक पट्टा साफ न करता तसाच ठेवा, आणि तोही त्याच दिवशी मोजा.