वाऱ्याचे मनोरे

दुबईची सहल करून आलेल्या माणसाच्या छायाचित्रांत बुर्ज खलिफा हमखास असतो. ८२८ मीटर उंचीच्या या इमारतीचे उद्घाटन ४ जानेवारी २०१० रोजी झाले. तिच्याकडे मान वर करून पाहताना आपला एक समज पक्का होतो : हे शहर तेलाच्या पैशाने वाळूतून उगवले, त्याला इतिहास असा नाही. वस्तुतः दुबईला तेल सापडले ते १९६६ साली. त्याआधीचे शहर पाहायचे तर खाडीच्या काठाने चालत गेले पाहिजे.

खाडीलगतचा अल फहिदी किल्ला सुमारे १७८७ सालचा. त्याच्या शेजारी बस्तकिया ही जुनी वस्ती. १८९४ मध्ये शेख मक्तूम बिन हाशर यांनी परदेशी व्यापाऱ्यांना करमाफी दिली. पलीकडे इराणच्या लिंगेह बंदरात मात्र जकातीचा जाच वाढत होता. तेथील व्यापारी दुबईला आले आणि बस्तक या त्यांच्या मूळ गावाचे नाव वस्तीला मिळाले. त्यांच्या घरांवर चारही बाजूंनी उघडे असे वाऱ्याचे मनोरे आहेत. कोणत्याही दिशेचा वारा पकडून ते खालच्या खोलीत उतरवतात.

या घरांमागची संपत्ती बरीचशी मोत्यांची होती, आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. तेथे चलनही रुपयाच होते. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास वेगळ्या नोटा काढल्या. १९६६ च्या अवमूल्यनानंतर दुबईने रुपया सोडला. तेल सापडले तेही याच वर्षी, हा योगायोग लक्षणीय आहे.

मोत्यांची कहाणी मात्र तितकीशी चमकदार नव्हे. पाणबुडे नाखुद्याकडून उचल घेऊन समुद्रात उतरत. हा नाखुदा म्हणजेच आपल्या कोकणातला नाखवा. पाणबुडा मेला तरी कर्ज त्याच्या घरच्यांच्या माथी येई. पुढे जपानी संवर्धित मोती आणि १९२९ ची मंदी यांनी हा धंदाच बुडवला.

१९८० च्या दशकात बस्तकियाचा मोठा भाग पाडला गेला. उरलेलाही जाणार होता. १९८९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स तेथे आले, त्यांनी जतनाचा आग्रह धरला आणि ही घरे वाचली. मधल्या काळात मूळ कुटुंबे नव्या उपनगरांत गेली होती आणि त्यांच्या खोल्यांतून परदेशी मजूर दाटीवाटीने राहत होते. डागडुजीनंतर तेथे कलादालने आणि उपाहारगृहे आली.

जतन म्हणजे निवडही असते. व्यापाऱ्याचा मनोरा राहिला. त्याखाली पथारी टाकून निजणाऱ्या मजुराची खूण राहिली नाही. बुर्ज खलिफा बांधणारे हात बव्हंशी दक्षिण आशियाई होते, पण त्या इमारतीला नाव मिळाले ते अबू धाबीच्या शासकाचे. प्रेक्षणीय स्थळ पाहताना काय दाखवले जात आहे याबरोबरच काय दाखवले जात नाही, हेही पाहता आले, तर ती सहल इतिहासाचे वाचन ठरते.