बेंचवरचे इंजिन: वाहनाबाहेरील चाचणीचा इतिहास

गाडीत बसवण्यापूर्वी किंवा मोठ्या दुरुस्तीनंतर मोटारीचे इंजिन भक्कम चौकटीवर आवळून चालवले जाते. कारखान्यात याला इंजिन बेंचवर चढवणे म्हणतात. गाडीत असताना इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून चाकांकडे आणि चाकांवाटे रस्त्याकडे जाते. बेंचवर ना चाके असतात ना रस्ता. मोकळे फिरणारे इंजिन आपला आवाज, गळती आणि ऑइलचा दाब एवढेच दाखवते. त्याची ताकद किती, ती किती काळ टिकते आणि जोरात ओढताना ते किती तापते हे कळण्यासाठी त्याला लोड द्यावा लागतो. हा लोड कशाचा द्यायचा आणि त्यात निघणारी ऊर्जा कुठे जिरवायची, या प्रश्नाच्या उत्तरांतूनच बेंच-चाचणीची साधने आणि तिच्या सुरक्षेचे नियम घडत गेले.

पहिले चांगले उत्तर मोटारीच्या जन्माआधी मिळाले. जेम्स वॉट यांनी वाफेच्या इंजिनांसाठी मिनिटाला 33,000 फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती, असे माप रूढ केले होते. फिरत्या शाफ्टवर ही शक्ती प्रत्यक्ष मोजण्याची सोपी युक्ती फ्रेंच अभियंते गास्पार द प्रोनी यांनी 1821 मध्ये काढली. शाफ्टवरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे आणि ते बोल्टांनी आवळायचे. ठोकळ्यांना जोडलेली लांब दांडी चाकाबरोबर ओढली जाऊ लागते, तेव्हा तिच्या टोकाला वजन टांगून ती आडवी तोलून धरायची. दांडी 1 मीटर लांब, वजन 10 किलो आणि वेग मिनिटाला 1,500 फेरे असेल, तर इंजिन सुमारे 15.4 किलोवॅट, म्हणजे जवळजवळ 21 मेट्रिक अश्वशक्ती देत असते. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ हा शब्द अशाच ब्रेकवरून आला आहे.

प्रोनी-ब्रेकची अडचण उष्णतेची होती. इंजिनाची सगळी ताकद घासणाऱ्या लाकडात जिरत असल्याने ठोकळे धुमसू लागत, म्हणून त्यांवर पाणी किंवा वंगण सोडावे लागे. लाकडाची पकड कमी-जास्त झाली की दांडी झटके देई. ती हातातून निसटली तर शाफ्टबरोबर गरगर फिरण्याचा धोका असे, म्हणून तिच्या वर आणि खाली अडसर लावत. चालत्या इंजिनाजवळ उभ्या राहणाऱ्या माणसासाठी केलेली ही अगदी आरंभीची सोय होय.

जहाजांच्या प्रचंड इंजिनांपुढे लाकूड टिकणे शक्यच नव्हते. ब्रिटिश अभियंते विल्यम फ्रूड यांनी 1877 मध्ये पाण्याचा ब्रेक मांडला. त्यात शाफ्टवर बसवलेले चक्र पाण्याने भरलेल्या कवचात फिरते. चक्रावर आणि कवचाच्या आतील बाजूवर वाटीसारखे कप्पे असतात. चक्र पाणी कवचाच्या कप्प्यांत फेकते, तेथून ते परत चक्रात येते, आणि या रेट्याने कवचही फिरू पाहते. कवचाला जोडलेली दांडी किती ओढली जाते, ते मोजायचे. लोड देणारे भाग एकमेकांना घासत नाहीत आणि उष्णता वाहत्या पाण्याबरोबर निघून जाते. 75 किलोवॅटचे इंजिन पूर्ण लोडवर चालवायचे आणि पाण्याचे तापमान 30 अंशांहून अधिक वाढू द्यायचे नाही, तर मिनिटाला सुमारे 36 लिटर पाणी लागते. त्यामुळे चाचणीच्या खोलीत पाण्याच्या नळाला इंधनाच्या नळीइतकेच महत्त्व आले. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरमध्ये या रचनेत सुधारणा केल्या, आणि पाण्याचे ब्रेक पुढे अनेक दशके इंजिन-कारखान्यांत वापरले गेले.

मोटारीची पहिली इंजिने वाहनाबाहेरच चालली, कारण त्यांच्यासाठी वाहनच तयार नव्हते. मानहाइममध्ये 31 डिसेंबर 1879 च्या रात्री जेवणानंतर कार्ल आणि बेर्टा बेन्झ पुन्हा कार्यशाळेत गेले. वारंवार दगा देणारे दोन-फटक्यांचे गॅस-इंजिन त्या रात्री सुरू झाले आणि चालत राहिले. बेन्झ यांची मोटार रस्त्यावर यायला त्यानंतर सहा वर्षे लागली. कानश्टाट येथे गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख घराच्या बागेतील काचगृहात काम करत. दार बंद करून चाललेल्या या खटपटीमुळे तेथे खोटी नाणी पाडली जात असावीत, असा संशय माळ्याला आला. पोलिसांनी झडती घेतली तेव्हा त्यांना फक्त इंजिने आणि हत्यारे सापडली.

बेंचवर बिघाड होणे हा तोटा नसून फायदा आहे, हे राइट बंधूंच्या इंजिनाने दाखवले. चार्ली टेलर यांनी डेटनच्या कार्यशाळेत बनवलेले ते इंजिन फेब्रुवारी 1903 मध्ये प्रथम चालले. दुसऱ्याच दिवशी ठिबकणारे पेट्रोल बेअरिंगांवर पडले, बेअरिंगे जाम झाली आणि अॅल्युमिनियमचे क्रँककेस फुटले. नवे ओतकाम करून इंजिन मे महिन्यात पुन्हा चालवण्यात आले, आणि 17 डिसेंबरला त्याने विमान उडवले. हीच चूक हवेत झाली असती, तर तिची किंमत वेगळी असती. पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांना सलग तासन्‌तास बेंचवर चालण्याची अट घातली गेली. अमेरिकेच्या बारा सिलिंडरच्या लिबर्टी इंजिनाने 1917 मध्ये 50 तासांची चाचणी पार केली.

विसाव्या शतकात लोड देण्याचे काम विजेकडे आले. शाफ्टला जनरेटर जोडला की ताकदीची वीज होते. तोच जनरेटर मोटार म्हणून चालवला, तर थंड इंजिन इंधन न जाळता फिरवून त्याचे अंतर्गत घर्षण मोजता येते. लोड देऊन ताकद मोजणाऱ्या अशा साधनाला डायनॅमोमीटर म्हणतात. त्याचा दुसरा प्रकार एडी-करंट डायनॅमोमीटरचा. त्यात चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या धातूच्या चक्रात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होऊन चक्र रोखले जाते. चुंबकाचा प्रवाह कमी-जास्त केला की लोड क्षणात बदलतो. आजच्या एसी डायनॅमोमीटरमध्ये इंजिनाची ताकद वीज होऊन कारखान्याच्या जाळ्यात परतही जाते.

साधने बदलली तरी बेंचवरचे धोके तेच राहिले. लोड अचानक सुटला तर इंजिन बेफाम वेग घेते, म्हणून वेगमर्यादा ओलांडताच इंधन तोडणारी यंत्रणा असते. डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून पळू लागले, तर इंधन तोडून उपयोग होत नाही. त्याची हवाच बंद करावी लागते. जोडशाफ्ट तुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात, म्हणून त्यावर जाड लोखंडी आवरण असते आणि माणूस त्याच्या फिरण्याच्या रेषेत उभा राहत नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही, त्यामुळे सायलेन्सरची नळी थेट बाहेर काढतात आणि खोलीत हवा खेळती ठेवतात. मोठ्या कारखान्यांत इंजिन एका खोलीत आणि चालवणारा शेजारच्या खोलीत जाड काचेमागे, अशी रचना याच कारणांनी रूढ झाली.

बेंचवरच्या आकड्यांनी ग्राहकाचा गोंधळही केला. अमेरिकेत पूर्वी पंखा, एअर-फिल्टर, गाडीचा सायलेन्सर यांसारखे भाग न लावता मोजलेली ‘ग्रॉस’ अश्वशक्ती जाहिरातीत येई. 1971 च्या कॅडिलॅक एल्डोराडोच्या इंजिनाची ग्रॉस शक्ती 365 होती, आणि सगळे भाग लावून मोजलेली ‘नेट’ शक्ती 235. इंजिन तेच, फरक मोजण्याच्या पद्धतीचा. 1972 पासून तेथे नेट आकडा रूढ झाला.

त्यानंतर धुराच्या नियमांनी बेंचचे महत्त्व आणखी वाढवले. कारचा धूर रोलरवर चालवलेल्या पूर्ण गाडीतून मोजतात. जड ट्रक-बसच्या बाबतीत मात्र इंजिन एकटेच बेंचवर चढते आणि दर किलोवॅट-तासामागे किती ग्रॅम प्रदूषक निघते, ते पाहिले जाते. भारतात अशा कामाचे एक प्रमुख केंद्र पुण्यात आहे. वेताळ टेकडीवरच्या ‘एआरएआय’ या संस्थेची स्थापना 1966 ची असून, देशात विकल्या जाणाऱ्या अनेक इंजिनांची तपासणी तेथे होते.

छोट्या गॅरेजात डायनॅमोमीटर क्वचितच असतो. तेथे नव्याने बांधलेले इंजिन लोडशिवाय थोडा वेळ चालवून पाहतात. इंजिन खोलण्या-बांधण्याचा गोल फिरणारा स्टँड यासाठी चालत नाही, कारण तो इंजिन मागच्या बाजूने नुसते टांगून धरतो आणि चालत्या इंजिनाचा झटका पेलू शकत नाही. त्यासाठी जमिनीला जखडलेली, गाडीतल्याच माउंटिंगवर इंजिन पेलणारी चौकट हवी. पाण्याने भरलेला रेडिएटर, गळती नसलेली आणि सायलेन्सरपासून दूर ठेवलेली इंधनाची टाकी, ऑइल-दाबाचा काटा, हाताशी असलेला बंद करण्याचा स्विच आणि अग्निशामक एवढी तयारी झाल्यावरच स्टार्टर फिरवायचा. काही सेकंदांत ऑइलचा दाब चढला नाही, तर इंजिन तत्काळ बंद करायचे. अशा चाचणीतून इंजिन नीट बांधले गेले आहे की नाही एवढे कळते. त्याची ताकद मात्र प्रोनींच्या काळाप्रमाणे आजही लोड दिल्यावरच कळते.