ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : बिघाड, निदान व दुरुस्ती (वसमत परिसर)

चालकाने क्लच दाबून हाताने टाकायचा गिअर यंत्रणेनेच वेग आणि भार पाहून बदलावा, यासाठीची जुळणी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ती बिघडली की इंजिन रेस होते पण गाडी ओढत नाही. कधी गाडी झटके मारते, कधी एकाच गिअरमध्ये अडकून राहते, कधी रिव्हर्स घेत नाही. हिंगोली जिल्ह्यातील वसमतसारख्या तालुक्याच्या गावी अशी गाडी आली की ‘गिअरबॉक्स गेला’ हा शेरा बोनेट उघडण्याआधीच पडतो. पुष्कळदा तो चुकीचा ठरतो. दोष बॅटरीत, ब्रेकच्या स्विचमध्ये, ऑइलमध्ये किंवा झिजलेल्या क्लचप्लेटमध्ये निघतो आणि गिअरबॉक्सचे दातेरी चक्र शाबूत असते.

पूर्वपीठिका : तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे देण्याची कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फोटिंगर याने १९०५ मध्ये जहाजांसाठी मांडली. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्डस्मोबिलमध्ये ‘हायड्रा-मॅटिक’ हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. भारतात १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरने बिनगिअरची गाडी घरोघर नेली. तिचा पट्टा आणि पुली हे आजच्या सीव्हीटीचेच (ठरावीक गिअर नसलेल्या गिअरबॉक्सचे) लहान रूप होते, पण त्याला ‘ऑटोमॅटिक’ म्हणायची पद्धत पडली नाही. मोटारीत मात्र ही सोय बराच काळ महागड्या गाड्यांपुरती राहिली. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत मॅग्नेटी मारेली कंपनीची एएमटी, म्हणजे हातगिअर आपोआप बदलणारी, यंत्रणा बसवली आणि ऑटोमॅटिक मोटार मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. जिल्ह्याच्या एमएच-३८ क्रमांकाच्या गाड्यांतही ऑटोमॅटिक दिसू लागल्या त्या यानंतरच.

प्रकार : निदानाची पहिली पायरी म्हणजे समोरचा ऑटोमॅटिक कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे. एएमटी हा मुळात साधा हातगिअरचा गिअरबॉक्स असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम मात्र पंप, दाबसाठवण टाकी व सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असलेला अॅक्चुएटर करतो. टॉर्क कन्व्हर्टर प्रकारात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचप्लेट नसते. तेलाने भरलेला कन्व्हर्टर, ग्रहचक्री गिअर आणि तेलाच्या दाबाने मिटणारे क्लचचे संच असतात. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये वर-खाली सरकतो. ड्युअल क्लच प्रकारात दोन क्लच असतात. बहुधा एक विषम गिअरांचा आणि दुसरा सम गिअरांचा. गिअरचा दांडा चारही प्रकारांत जवळपास सारखाच दिसतो आणि घोळ तिथेच होतो. टॉर्क कन्व्हर्टरला चालणारे ऑइल सीव्हीटीत ओतले तर पट्टा घसरू लागतो, आणि मग खरोखरच गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

स्थानिक परिस्थिती : वसमत हे परभणी–नांदेड दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ६१ वर आहे. गळीत हंगामात पूर्णा सहकारी साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे मोटारींना गोगलगायीच्या चालीने सरकावे लागते. हळदीच्या हंगामात मोंढ्याच्या वाटेवरही हीच गत. एएमटी आणि कोरड्या (तेलात न बुडालेल्या) ड्युअल क्लचसाठी हे सरकणे सर्वांत वाईट, कारण त्यात क्लच पूर्ण मिटत नाही, अर्धवट घासत राहतो. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणारा चालक क्लचप्लेट आणखी लवकर जाळतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असतो, त्यामुळे ऑइल थंड व्हायलाही वाव कमी. धान्याच्या आणि हळदीच्या गोदामांपाशी उभ्या गाड्यांचे वायरिंग उंदीर कुरतडतात हे कारण इथल्या मिस्त्र्याने आधी तपासावे.

निदान : आधी बॅटरी. गिअरबॉक्सचा संगणक आणि सोलेनॉइड यांना पुरेसा व्होल्टेज लागतो. बॅटरी मरगळली की एकमेकांशी संबंध नसलेले दोष एकदम दिसू लागतात. मग ब्रेक दाबून मागचे लाल दिवे पाहावेत. ते लागत नसतील तर पेडलचा स्विच गेलेला असू शकतो, आणि ब्रेक दाबल्याचे न कळल्यामुळे यंत्रणा गिअर टाकू देत नाही. या दोन तपासण्यांना गाडी नांदेडला न्यावी लागत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ऑइल बरेच सांगून जाते. लालसर पारदर्शक रंग ठीक. काळपट रंग आणि जळका वास म्हणजे क्लचचे अस्तर जळते आहे. दुधाळ गुलाबी रंग दिसला तर रेडिएटरमधील कूलर फुटून कूलंट ऑइलमध्ये मिसळले आहे, आणि गाडी एक किलोमीटरही पुढे चालवू नये. तळाच्या चुंबकावर करडा बारीक लगदा असणे स्वाभाविक आहे. धातूचे कपचे मात्र वाईट. आजच्या पुष्कळ गिअरबॉक्सना ऑइल मोजायची दांडीच नसते. इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला असताना, बूच उघडून ओघळणाऱ्या धारेवरून पातळी ठरवतात. हे तापमान बहुधा ३५ ते ४५ अंश सेल्सिअस सांगितलेले असते. मे महिन्याच्या दुपारी वसमतमध्ये उन्हात उभ्या गाडीचे ऑइल इंजिन चालू करण्याआधीच तिथे पोचलेले असते. तापून फुगलेले ऑइल जास्त ओघळते आणि गिअरबॉक्स कमी भरला जातो. म्हणून हे काम उन्हाळ्यात पहाटे करावे.

त्यानंतर स्कॅनर. भारतात एप्रिल २०१३ पासून मोटारींना ओबीडी-२ (दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा) बंधनकारक आहे, त्यामुळे स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमधून दोषांकन वाचता येते. पी०७०० हा आकडा पाहून गिअरबॉक्स उतरवू नये. तो फक्त ‘गिअरबॉक्सच्या संगणकाकडे विचारा’ एवढेच सांगतो. स्वस्त स्कॅनर पुष्कळदा तिथेच थांबतो, कारण तो इंजिनापलीकडचा संगणक उघडू शकत नाही. पी०७१५ आणि पी०७२० हे वेग मोजणाऱ्या सेन्सरांचे, पी०७३० चुकीच्या गिअर गुणोत्तराचा, पी०७४० कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचचा. सेन्सरचा दोष असेल तर आधी वायर आणि कनेक्टर पाहणे हाच शहाणपणा. दोष गंभीर वाटला की संगणक गाडी लिम्प मोडमध्ये टाकतो, म्हणजे एकाच गिअरमध्ये धरून ठेवतो. हे बचावाचे वागणे आहे, त्यालाच बिघाड समजू नये.

एएमटीत कानाचा उपयोग होतो. मारेली पद्धतीच्या यंत्रणेत चालकाचे दार उघडताच पंपाची घुरघुर ऐकू येते. ती येत नसेल तर फ्यूज, रिले, पंपाची मोटर या क्रमाने जावे. पंप सारखाच चालू होत असेल तर दाबसाठवण टाकी ढिली झाली आहे किंवा आतून गळती आहे. टॉर्क कन्व्हर्टरसाठी स्टॉल टेस्ट असते : ब्रेक घट्ट दाबून डी मध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि इंजिनाचे फेरे पाहायचे, तेही पाच सेकंदांच्या आत. फेरे ठरल्यापेक्षा जास्त गेले तर आतले क्लच घसरताहेत. कमी राहिले तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टर गेला आहे. ही चाचणी एएमटी किंवा ड्युअल क्लचवर करणे म्हणजे चांगला क्लच जाळणे.

ड्युअल क्लचचा दाखला : २०१३ मध्ये भारतात आलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरांचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स होता. त्याच वर्षी कंपनीने जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या या गिअरबॉक्ससाठी परत बोलावल्या. उष्ण व दमट हवेत त्यातील कृत्रिम ऑइलमुळे वीजपुरवठ्यात शॉर्ट सर्किट होत असे, म्हणून ते काढून खनिज ऑइल भरण्यात आले. या गिअरबॉक्समध्ये १, ३, ५, ७ हे गिअर एका क्लचवर आणि २, ४, ६ व रिव्हर्स दुसऱ्यावर असतात. म्हणून रिव्हर्स आणि सम गिअर एकदमच गेले तर चक्रे तुटली असे न मानता तो क्लच किंवा त्याला दाब देणारे मेकॅट्रॉनिक यांच्याकडे संशय न्यावा. मेकॅट्रॉनिकमधील दाबसाठवण टाकीच्या बैठकीला तडा जाणे हा याचा परिचित आजार आहे.

दुरुस्ती : एएमटीचा क्लच संच गावातला चांगला फिटर बदलू शकतो. मात्र नवा क्लच कुठे पकडतो हे स्कॅनरने संगणकाला शिकवावे लागते. ते केले नाही तर नव्या क्लचवरही गाडी झटके मारते आणि बोल फिटरला लागतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत मध्यम वेगाला थरथर येत असेल तर आधी योग्य ऑइल आणि फिल्टर बदलून पाहावा. पुष्कळांचे काम तेवढ्यात भागते. कंपन्या ‘आयुष्यभराचे ऑइल’ म्हणतात त्यावर विसंबू नये. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. त्यापुढे सोलेनॉइड, मग तेलाच्या वाटा नियंत्रित करणारी व्हॉल्व्ह बॉडी, आणि शेवटी पूर्ण ओव्हरहॉल. ओव्हरहॉल करताना कन्व्हर्टर आणि कूलर स्वच्छ केले नाहीत तर जुनी धातूची भुकटी नव्या क्लचमध्ये शिरते. भंगारातून आणलेला गिअरबॉक्स स्वस्त पडतो, पण त्याचा सांकेतिक क्रमांक आणि संगणक गाडीशी जुळला पाहिजे. वसमतला स्कॅनर, बॅटरी, ऑइल, एएमटीचा क्लच एवढी कामे व्हावीत. व्हॉल्व्ह बॉडी आणि मेकॅट्रॉनिक उघडायला धुळीपासून राखलेली जागा व खास हत्यारे लागतात, म्हणून ती कामे मोठ्या शहरातच करून घ्यावीत.

वाहतूक : ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीची चालती चाके जमिनीवर ठेवून ती ओढली तर तेलपंप बंद असल्याने आतले भाग कोरडे घासतात. ट्रॅक्टरला दोर बांधून नांदेडपर्यंत चाळीसेक किलोमीटर नेलेली गाडी म्हणूनच लहान दोषाची मोठी दुरुस्ती होऊन पोचते. गाडी सपाट पाठीच्या वाहनावरच चढवावी. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

तक्रार : जॉबकार्ड, दोषांकनाची छापील प्रत आणि काढलेले जुने भाग ग्राहकाने मागून घ्यावेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, मग गिअरबॉक्स नांदेडला उघडलेला असो वा पुण्याला. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे.