परका देह, देशी कारण : ‘झपाटलेला’च्या निमित्ताने

मृत माणूस परत येतो, ही कल्पना बहुतेक संस्कृतींत आढळते. तो कशामुळे परत येतो, याचे उत्तर मात्र प्रत्येक संस्कृती आपल्यापुरते शोधते. भयकथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते तेव्हा हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) हा चित्रपट ‘चाइल्ड्‌स प्ले’ (१९८८) या अमेरिकन चित्रपटाची नक्कल म्हणून अभ्यासाबाहेर ठेवला जातो. तो निवाडा कितपत टिकतो, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम इटलीतील एका उदाहरणाचा विचार करू. जॉर्ज रोमेरो यांचा ‘डॉन ऑफ द डेड’ १९७८ साली इटलीत ‘झोंबी’ या नावाने प्रदर्शित झाला. पुढच्याच वर्षी लुचो फुल्ची यांचा अल्पखर्ची ‘झोंबी २’ आला. दोहोंच्या कथानकांत संबंध नव्हता; उसना घेतला होता तो केवळ नावलौकिक. तरीही या चित्रपटाला जगभर निष्ठावंत प्रेक्षक लाभले. याचे एक कारण असे सांगता येईल की, रोमेरो यांनी ज्या झोंबीला हैतीच्या वूडू परंपरेपासून तोडले होते, त्याला फुल्ची यांनी पुन्हा कॅरिबियन बेटावर नेले. तेथे डॉक्टरचे विज्ञान आणि बेटावरील श्रद्धा समोरासमोर येतात आणि मृतांच्या उठण्याचे कारण शेवटपर्यंत अनिश्चित राहते.

‘चाइल्ड्‌स प्ले’चे मूळही याच परंपरेत आहे. त्यातील गुन्हेगार वूडूतील दांबाला या दैवताला आवाहन करून बाहुल्यात शिरतो. मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने या दैवताला काहीच अर्थ नव्हता. ‘झपाटलेला’त त्याच्या जागी बाबा चमत्कारचा मृत्युंजय मंत्र येतो. बदल वरवरचा वाटला, तरी त्यामुळे कथा परकायाप्रवेशाच्या जुन्या परंपरेत जाऊन बसते. शंकराचार्य आणि अमरू राजा यांची आख्यायिका सर्वपरिचित आहे; हरिपाळदेवाच्या मृत देहात चांगदेव राऊळांनी प्रवेश केल्याची कथा महानुभाव परंपरेत श्रद्धेने सांगितली जाते. या दोन्ही कथांत प्रवेश करणारा सिद्ध पुरुष आहे. तात्या विंचू हा मात्र गुंड आहे. साधनेवाचून त्याला केवळ सिद्धी हवी आहे.

मंत्राचा असा व्यवहारी उपयोगही आपल्याकडे नवा नाही. येथे म्हैसुरात आर. शामशास्त्री यांना १९०५ साली ज्याचे हस्तलिखित गवसले आणि १९०९ साली ज्याची संहिता त्यांनी प्रसिद्ध केली, त्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या १४व्या अधिकरणात माणसांना निद्रिस्त करणारे मंत्र दिलेले आहेत. तेथे मंत्र हे उपासनेचे नव्हे, तर कार्यसिद्धीचे साधन आहे. तात्या विंचूचा मंत्र या दुसऱ्या कुळीचा आहे.

शीर्षकाकडेही लक्ष द्यावयास हवे. ‘झपाटलेला’ हे कर्मणी धातुसाधित आहे. ते झपाटणाऱ्याचे नव्हे, तर झपाटल्या गेलेल्याचे नाव आहे. कथेचे केंद्र त्यामुळे बाहुल्याकडून लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याकडे सरकते आणि भयाला विनोदाची जोड मिळते. बाहुल्यामागे रामदास पाध्ये यांची बोलक्या बाहुल्यांची कला आहे. ती त्यांना वडील यशवंत पाध्ये यांच्याकडून लाभली. बाहुल्याने बोलावे यात मराठी प्रेक्षकाला नवल नव्हते. आजवर हसवीत आलेला बाहुला आता मारू पाहतो, हे भय या ओळखीतूनच निर्माण होते. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला तात्या विंचू म्हणूनच मूळ चित्रपटाचा पत्ता नसलेल्यांच्याही स्मरणात राहिला.

आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने (२०२२) झोंबी हा शब्दच मराठीत आणला, परंतु त्याला उभे केले ते डोंबिवलीत, पाण्याच्या प्रश्नावर आणि गृहसंकुल व झोपडवस्ती यांच्यातील दरीवर. मंत्राची जागा येथे पाण्याने घेतली. म्हणजे देह पुन्हा परका आणि कारण पुन्हा देशी.

यावरून असे म्हणता येईल की, कथानकातील साम्यस्थळे मोजल्याने ऋण सिद्ध होते. परंतु स्वीकाराचे स्वरूप कळत नाही. ते कळण्यासाठी घेणाऱ्या भाषेने कोणते कारण नाकारले आणि त्याच्या जागी कोणते ठेवले, हे विचारावे लागते. लोकप्रिय कृतींना हा प्रश्न न विचारताच त्यांना नक्कल ठरविणे, ही तौलनिक अभ्यासाचीच उणीव होय.