रशीदुद्दीन हमदानी

रशीदुद्दीन फजलुल्ला हमदानी : (सु. १२४७ – १८ जुलै १३१८). इराणमधील इल्खानी मंगोल राजवटीचा वजीर, हकीम व इतिहासकार. हमदान येथे ज्यू कुटुंबात जन्म. तिशीच्या सुमारास त्याने इस्लाम स्वीकारला. अबाका खानाच्या दरबारात तो हकीम म्हणून आला आणि गाझान खानाने १२९८ मध्ये त्याला सादुद्दीन सावजीच्या जोडीने वजिरी दिली. मंगोल स्वाऱ्यांनी शेती उजाड झाली होती व मनमानी वसुलीने रयत पिचली होती. गाझानच्या कारकीर्दीत कराची रक्कम व हप्ते ठरवून दिले गेले, वजनेमापे व नाणी एकसारखी करण्यात आली. या सुधारणांची मुख्य हकीकत खुद्द रशीदुद्दीनचीच असल्याने तिच्यातील यशाचे वर्णन जपून घ्यावे लागते.

त्याची खरी थोरवी जामिउत्तवारीख या फार्सी ग्रंथात आहे. इराणात रुळलेल्या मंगोलांना पूर्वजांचा विसर पडू नये, म्हणून गाझानने त्याच्याकडून मंगोलांचा इतिहास लिहवून घेतला. चीनमधून आलेला बोलाद हा मंगोल सरदार त्याचा मोठा आधार होता. गाझाननंतर गादीवर आलेल्या ओल्जायतूच्या इच्छेवरून ग्रंथात चिनी, ज्यू, फ्रँक (पश्चिम युरोपीय) व भारतीय लोकांचे इतिहासही आले. भारताच्या भागातील बुद्धचरित्र कमलश्री या काश्मिरी भिक्षूच्या माहितीवर आधारलेले आहे. इतक्या दूरच्या लोकांचा इतिहास त्यांच्याच माणसांना विचारून लिहिण्याची ही दृष्टी त्या काळी विलक्षण होती. ग्रंथ आपण लिहिल्याचा दावा समकालीन इतिहासकार अबुल कासिम काशानीने केला. अनेकांचे हात या कामाला लागले असणार. एवढी मोठी योजना आखून ती तडीस नेण्याचे श्रेय मात्र रशीदुद्दीनचेच.

तब्रीझजवळ त्याने रब्अ-ए-रशीदी ही वसाहत उभारली. तिथे मशीद, मदरसा, रुग्णालय व ग्रंथालय होते. तिचा १३०९ चा वक्फनामा आजही उपलब्ध असून त्याचा बराचसा भाग त्याच्याच हस्ताक्षरात आहे. आपल्या ग्रंथांच्या फार्सी व अरबी प्रती दरवर्षी करून निरनिराळ्या शहरांत पाठवाव्यात, अशी तरतूद त्याने वक्फच्या उत्पन्नातून केली होती.

ओल्जायतू १३१६ मध्ये वारला. प्रतिस्पर्धी वजीर ताजुद्दीन अलीशाह याच्या कारस्थानाने रशीदुद्दीनचे पद गेले. ओल्जायतूला औषधातून विष दिल्याचा आळ घेऊन त्याचा व त्याचा कोवळ्या वयाचा मुलगा इब्राहिम याचा वध करण्यात आला. वसाहत लुटली गेली. दुसरा मुलगा गियासुद्दीन पुढे वजीर झाला, पण १३३६ मध्ये तोही मारला गेला आणि वसाहतीची पुन्हा लूट झाली. रशीदुद्दीनच्या हयातीत तयार झालेल्या सचित्र अरबी प्रतीचे भाग एडिंबरो विद्यापीठात व लंडनच्या खलिली संग्रहात आहेत.