हिरवळीखालचा थर : घोडबंदरच्या गवतापासून लॉनच्या यंत्रापर्यंत

(१/२२)
वसईच्या खाडीवरील पुलाच्या अलीकडे, जेथे घोडबंदर रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो, तेथे वरसावे आहे. या परिसरातील नव्या वसाहतींच्या अंगणांत आज लॉन दिसते. लॉनची निगा राखण्यासाठी विजेवर चालणारे एक छोटे यंत्रही आता मिळते. ते गवत कापत नाही. गवताखालचा मेलेला थर उपसून काढते. या थराची गरज नसलेले गवत याच मुलखात शतकानुशतके होते. मग थर आला कोठून? #थ्रेड

(२/२२)
प्रथम थर म्हणजे काय ते पाहू. गवताची हिरवी पाती आणि माती यांच्यामध्ये मेलेली खोडे, धावते कोंब आणि मुळे यांचा तपकिरी, गादीसारखा थर साचतो. कापलेली कोवळी पाती लवकर कुजतात. खोडे आणि मुळे चिवट असल्याने मागे राहतात. कुजण्याचा वेग साचण्याच्या वेगापेक्षा कमी पडला की थर वाढू लागतो.

(३/२२)
अर्ध्या इंचापर्यंतचा थर उपकारक असतो. तो ओल धरतो आणि पायांचा दाब सोसतो. त्याहून जाड झाला की पाणी मातीत मुरत नाही, हवा खेळत नाही, बुरशी आणि किडी यांना आसरा मिळतो. नवी मुळे मातीऐवजी थरातच वाढतात आणि पहिल्या कडक उन्हात हिरवळ पिवळी पडते.

(४/२२)
इंग्रजीत या थराला ‘थॅच’ म्हणतात. थॅच म्हणजे गवताचे छप्पर. कोकणात ज्याला शाकारणी म्हणतात, तेच हे काम. पावसाळ्यापूर्वी घरे गवताने वा पेंढ्याने शाकारली जात, ती पाणी आत येऊ नये म्हणून. लॉनवरचा थरही नेमके तेच करतो. फरक इतकाच की तेथे पाणी आत जाणे हवे असते.

(५/२२)
या कथेचे मुख्य पात्र म्हणजे हराळी, म्हणजेच दूर्वा. गणपतीच्या पूजेत तिला मान आहे. देशावरच्या काळ्या रानात मात्र शेतकरी तिला खणून खणून हैराण होतो. जमिनीवर धावणारे कोंब आणि जमिनीखाली पसरणारी खोडे या दोन्हींनी ती वाढते, म्हणून मरत नाही. हीच वनस्पती पाश्चात्त्य जगात ‘बर्म्युडा ग्रास’ या नावाने मैदानांवर लावली जाते. थर साचविण्यातही ती पुढे असते.

(६/२२)
घोडबंदर या नावाचा संबंध येथे उतरणाऱ्या घोड्यांच्या व्यापाराशी जोडला जातो. खाडीवर नजर ठेवणारा येथील किल्ला पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १७३७ साली, चिमाजी अप्पांच्या साष्टी मोहिमेत, तो मराठ्यांकडे आला आणि पुढे इंग्रजांकडे गेला. घोडा आला की गवत आलेच. किल्ल्यांच्या इतिहासात तोफांची मोजदाद होते. वैरणीची क्वचितच होते.

(७/२२)
ठाणे जिल्ह्यातील शेती दोन प्रकारच्या जमिनींवर उभी होती. सखल खाचरात भात आणि उतारावरील वरकस जमिनीत नाचणी, वरी व गवत. वरकसवरील गवत, पालापाचोळा, टहाळ आणि शेण भाताच्या रोपांच्या जागेवर पसरून जाळीत. हा राब. उरलेले गवत गुरे खात, छपरावर जाई किंवा विकले जाई.

(८/२२)
याचा अर्थ असा की, थर साचायला गवत मागे राहतच नसे. विळा, गुरांचे दात, आग आणि वाळवी हे चौघे मिळून दरवर्षी जमीन मोकळी करीत. हे सगळे उपजीविकेचे व्यवहार होते. म्हणूनच जंगलखात्याने राबावर निर्बंध आणताच जिल्ह्यात मोठा असंतोष उसळला आणि १८८५ साली सरकारला चौकशीसाठी ‘बॉम्बे फॉरेस्ट कमिशन’ नेमावे लागले.

(९/२२)
दुसरीकडे मुंबई शहराची गवताची भूक वाढत होती. बग्ग्या, लष्करी घोडदळ, बैलगाड्या आणि दुधाचे गोठे यांना रोज वैरण लागे. १८७४ साली सुरू झालेली ट्रामसुद्धा घोडेच ओढीत. आरंभी २० गाड्यांसाठी २०० घोडे होते. ठाणे जिल्ह्यातील गवत गलबतांनी आणि पुढे रेल्वेने मुंबईला जाई. हे शहर एका अर्थाने गवतावर धावत होते.

(१०/२२)
याच सुमारास गवताचा एक निराळा अर्थ इंग्लंडहून आला : खाण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी आणि खेळण्यासाठी राखलेले गवत. तेथे ते आधी मेंढ्या आणि लांब दांड्याचे कोयते यांनी आखूड ठेवले जाई. १८३० साली एडविन बडिंग याने ग्लॉस्टरशायरमध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. गिरणीत लोकरी कापडावरची लव छाटणाऱ्या फिरत्या पात्यांवरून त्याला ही कल्पना सुचली होती.

(११/२२)
इंग्लंडमध्ये पाऊस वर्षभर विखुरलेला. मुंबईत चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडे. तेथील हिरवळ येथे आणणे म्हणजे आठ महिने पाणी घालणे आणि चार महिने कापत राहणे. हे काम माळी, पखालीतून पाणी आणणारे भिस्ती आणि रोलर ओढणारी माणसे व बैल करीत. साहेबांच्या लॉनची छायाचित्रे पुष्कळ उरली. या हातांची नावे मात्र नोंदली गेली नाहीत.

(१२/२२)
गवत कोणासाठी, हा प्रश्न मुंबईच्या मैदानावर उघडपणे भडकला. पारशी तरुणांनी १८४८ साली ‘ओरिएंटल क्रिकेट क्लब’ काढला होता. पुढे हिंदू आणि मुसलमान मुलेही खेळू लागली. त्यांची जागा म्हणजे किल्ल्याबाहेरचे मोकळे मैदान. १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याला स्वतःची राखलेली हिरवळ होती, पण ती फक्त युरोपीयनांसाठी.

(१३/२२)
अडचण अशी की, जिमखान्याच्या सभासदांना पोलोही खेळायचा होता, आणि तो त्यांनी आपल्या राखीव हिरवळीवर नव्हे, तर एतद्देशीय मुलांच्या मैदानावर सुरू केला. इंग्लंडमध्ये लॉनवर यंत्र ओढणाऱ्या घोड्याच्या पायांत चामड्याचे बूट चढवीत, म्हणजे खुरांनी गवत उखडू नये. मुंबईच्या मैदानावरील घोड्यांच्या बाबतीत अशी काळजी कोणी घेतली नाही. खुरांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कसाही उसळे.

(१४/२२)
१८८१ साली शेकडो खेळाडूंनी सह्या करून गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे अर्ज केला. मागणी साधी होती : पोलो दुसरीकडे हलवावा. मूठभरांच्या करमणुकीसाठी शेकडोंचे मैदान का बिघडावे, हा त्यामागचा सवाल होता. सरकारने आधी मागणी मान्य केली. पण जिमखान्याने जोर लावताच तो निर्णय फिरविण्यात आला.

(१५/२२)
या लढ्याचा इतिहास शापुरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. युरोपीय पोलो विरुद्ध एतद्देशीय क्रिकेट हे शब्द त्याच्या नावातच आहेत. पुढे समुद्र हटवून मिळविलेल्या किनाऱ्यालगतच्या जमिनीवर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. जमीन मिळाली, पण धर्मवार विभागून. मरीन ड्राइव्हवर आजही हे जिमखाने ओळीने उभे आहेत.

(१६/२२)
हिरवळ राखणाऱ्या हातांपैकी एका हाताचे नाव मात्र इतिहासाने नोंदले : पळवणकर बाळू. चर्मकार समाजातील हा तरुण पुण्यात आधी पारशी क्लबाच्या आणि १८९२ च्या सुमारास युरोपीयनांच्या क्लबाच्या मैदानावर नोकरीस होता. खेळपट्टी झाडणे, रोलर फिरविणे, जाळी लावणे, टेनिसच्या रेषा आखणे ही त्याची कामे. पगार महिन्याला तीन-चार रुपये.

(१७/२२)
साहेबांच्या फलंदाजीच्या सरावासाठी बाळू तासन्‌तास गोलंदाजी करीत असे. फलंदाजीची संधी त्याला दिली जात नसे. ज्या गवतावर त्याने रोज रोलर फिरविला, त्याच गवतावर त्याची डावखुरी फिरकी घडली. पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला संघात घेतले, तरी चहा मैदानाबाहेर आणि वेगळ्या मातीच्या पेल्यात मिळे. १९०६ साली हिंदू संघाने युरोपीयनांना हरविले, तेव्हा बाळू त्या संघात होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्याला कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले.

(१८/२२)
ट्रामचे घोडे १९०५ साली थांबले, तरी मुंबईच्या गोठ्यांना गवत लागतच होते. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतील वारली मजूर जमीनदार व ठेकेदारांसाठी कवडीमोलाने गवत कापीत. १९४५ साली किसान सभेचे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी विळे खाली ठेवले. मागणी होती पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड व त्याचे साथी मारले गेले. संप मोडला नाही.

(१९/२२)
जेथे गवत पोट भरते तेथे ते कापण्यासाठी माणसे प्राण पणाला लावतात. जेथे ते शोभेचे असते तेथे ते साचते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घनदाट वाढणाऱ्या नव्या जाती, भरपूर नत्रखत, नित्याचे पाणी आणि गांडुळांनाही मारणारी कीटकनाशके एकत्र आली. वाढ दुप्पट आणि कुजणे निम्मे, अशी स्थिती झाली. तेव्हा थॉमस मॅस्केरो यांच्यासारख्या तंत्रज्ञांनी गोल्फच्या मैदानांसाठी उभ्या पात्यांची यंत्रे तयार केली. घरगुती विद्युत यंत्र हे त्यांचेच धाकटे भावंड.

(२०/२२)
त्याची रचना सोपी आहे. आडव्या फिरत्या दांड्यावर स्प्रिंगसारखे पोलादी दाते असतात. मोटर दांडा फिरविते आणि दाते थरात शिरून मेलेला भाग वर ओढतात. वापरण्यापूर्वी सुरीने मातीसह एक छोटा काप काढून थर मोजावा. अर्ध्या इंचापेक्षा कमी असेल तर यंत्राला हात लावू नये. जास्त असेल तर गवत आखूड कापावे, जमीन किंचित ओलसर असावी, दाते आधी उथळ ठेवावेत आणि दुसरी फेरी पहिलीला काटकोनात घ्यावी. निघालेला कचरा उचलून कंपोस्टात टाकावा. मग वाळू व शेणखताचा पातळ थर द्यावा आणि पाणी द्यावे.

(२१/२२)
वेळ महत्त्वाची. हराळी उष्णतेत वाढणारे गवत आहे. ते जोमात असतानाच जखम भरते. ठाणे परिसरात थंडी ओसरल्यावर, पाण्याची सोय असेल तर, किंवा पाऊस संपताच ऑक्टोबरमध्ये हे काम करावे. भर पावसात चिखलात, किंवा मे महिन्यात सुकलेल्या हिरवळीवर करू नये. ज्या गवताला जमिनीखाली खोडे नसतात आणि जे फक्त वरच्या कोंबांनी पसरते, ते खोल दात्यांनी मुळासकट निघते. खत आणि पाणी बेताने दिले व गांडुळे जगू दिली, तर यंत्राची गरजही कमी पडते.

(२२/२२)
वरसाव्याला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आजही गवत वाढते. तेथे चितळ ते चरतात, वाळवी ते खाते, पावसाळा उरलेले कुजवितो. थर उपसावा लागत नाही. अंगणातील लॉनवर ही सारी कामे एका मोटरवर येऊन पडली आहेत. घोडबंदरचे घोडे, राब जाळणारे शेतकरी, पखाल वाहणारे भिस्ती, रोलर ओढणारा बाळू आणि विळा खाली ठेवणारा जेठ्या गांगड ही सगळी त्या मोटरच्या आधीची माणसे आणि जनावरे. दाते फिरू लागले की वर येतो तो केवळ कचरा असतो. पण या मुलखातील गवताचा इतिहास इतका हलका कधीच नव्हता. (समाप्त)